घर वारसांच्या नावावर करताना आलेले अनुभव लिहा

आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या पश्चात घर नावावर करून घेतलं असेल, तर ते कसं पार पडलं ते इथे लिहा. कलमं वकील सांगतात. कोणत्या टेबलावर काय अडलं आणि भावंडांत काय झालं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. सुरुवात मी करते.

आमचा डोंबिवलीचा फ्लॅट सोसायटीतला. बाबांनी नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं होतं. मृत्यूचा दाखला, अर्ज, हमीपत्र दिलं आणि सोसायटीने आईला सभासद करून घेतलं. दादा म्हणाला, सुटलो. पण सहकार कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १५४ब-१३ नुसार नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. मालकी वारसांचीच. फ्लॅट विकायला काढला तेव्हा गिऱ्हाइकाच्या बँकेने आम्हा दोघा भावंडांचं हक्कसोडपत्र मागितलं. नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

सातारा जिल्हा, गावठाणातलं घर
मी बहीण आहे, म्हणून बहिणीच्या बाजूने लिहिते. वारस नोंदीच्या अर्जात भावाने फक्त स्वतःचं नाव घातलं होतं. तलाठी भाऊसाहेबांनीच विचारलं, "बहिणी किती?" मग सगळ्यांची नावं लागली, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि फेरफार मंजूर झाला. हा झाला जमिनीचा सातबारा. घराचं मालमत्ता पत्रक नगर भूमापनकडे आणि घरपट्टीचा उतारा ग्रामपंचायतीत, तिथे पुन्हा वेगळे अर्ज. नंतर भाऊ पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं हक्कसोड घेऊन आला. ते चालत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. मी अजून सही केलेली नाही. दिवाळीला जाणं-येणं आहे.

पुणे
यजमान अचानक गेले. मृत्युपत्र नव्हतं, फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर. वकीलबाईंचा पहिलाच प्रश्न: "सासूबाई आहेत का?" हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर त्याची आई वर्ग एकची, म्हणजे पहिल्या हक्काची वारस, सून आणि नातवंडांइतकाच तिचा वाटा. म्हणजे मी, माझी मुलगी आणि सासूबाई, तिघींना एक-एक तृतीयांश. गंमत म्हणजे वडील वर्ग दोनमध्ये.

सासूबाई म्हणाल्या, "मला काय करायचंय घर? कुठे सही करू सांग." थोरल्या दिरांना मात्र घाई नको होती. त्यांचा हिशेब सरळ होता. सही न करता सासूबाई गेल्या असत्या, तर त्यांचा वाटा त्यांच्या वारसांकडे, म्हणजे दिरांकडेही गेला असता. हे कुणी बोलून दाखवत नाही, पण घरात सगळ्यांना कळत असतं. शेवटी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, रिक्षा बोलाव. कार्यालयात यंत्रावर त्यांचा अंगठाच उमटेना. आयुष्यभर भांडी घासलेले हात, रेषा राहतील कुठून? बऱ्याच खटपटीनंतर उमटला. ज्यांच्याकडे माणूस अंथरुणाला खिळलेलं आहे त्यांनी गृहभेटीसाठी अर्ज करावा. फी भरली की अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात.

दादर
आत्याने मृत्युपत्र केलं होतं, नोंदणीकृत, साक्षीदारांसकट. तरी आम्हाला हायकोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, आणावं लागलं, कारण घर मुंबईतलं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चं कलम २१३. पुण्यातला मित्र विचारायचा, आम्हाला कसं लागलं नाही? पुण्यातल्या घराला ती अट नव्हती. त्यात चुलतभावाने कॅव्हेट, म्हणजे कोर्टात हरकत, घातलं आणि साध्या अर्जाचा दावा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच वगळलं, त्यामुळे आता ही सक्ती उरली नाही. तरी भाऊबंदकी असेल तर प्रोबेट घेऊन ठेवावं, असं माझं मत. एकदा मृत्युपत्रावर कोर्टाचा शिक्का बसला की पुढे सोसायटी, बँक, कुणाशी वाद घालावा लागत नाही.

वरच्या सगळ्यांना एक पुरवणी
सक्सेशन सर्टिफिकेट आणा म्हणून कुणी सांगितलं तर आधी विचारा, कशासाठी? ते बँकेतल्या ठेवी, शेअर्स अशा येण्यांसाठी असतं. घर-जमिनीसाठी कोर्टातून मिळतो तो वारस दाखला, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखालचा. आमच्या शेजाऱ्यांनी पहिलं आणलं, वकिलाची फी भरली, आणि आता दुसऱ्यासाठी पुन्हा अर्ज केलाय.