एकट्यानं सोलापूर, गळ्यात कॅमेरा: तुमचे अनुभव सांगा

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली, रात्री सोलापुरात उतरलो. दोन दिवस, सोबत कुणी नाही. गाडीला ज्यांच्यावरून नाव पडलं त्या चौघांपासूनच सुरुवात करायची होती: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात इथं लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. सकाळी चार पुतळ्यांपाशी गेलो तर मागं लख्ख आभाळ. फोटोत चेहऱ्यांच्या जागी नुसते काळे गोळे. एक्स्पोजर दीड पायरी वाढवलं तेव्हा कुठं नाक-डोळे दिसले; आभाळ पांढरंफटक झालं ते झालं. मी वाकडातिकडा होतोय बघून एका रिक्षावाल्या अण्णांनी रिक्षा मागं घेतली आणि मध्ये आलेल्या पोराला ओरडले, "सरक की बे, फोटो काढलालेत ते."

एवढं करूनही एका पुतळ्याचं तोंड हारात बुडालेलंच. तुम्ही पुतळे, संग्रहालयं, रंगवलेल्या भिंती कशा टिपल्यात? सोलापूरचं काही असेल तर आधी ते.

कडक भाकरी
भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक बघा. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म १९१० चा, सोलापूरचाच. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथंच गेले. मी आत शिरल्याशिरल्या "फोटो काढले तर चालतील का?" विचारलं. एकट्या बाईनं आधी विचारलेलं बरं, नंतर कुणी खेकसत नाही. पहिल्या दहा फोटोंत काचेवर माझा पिवळा कुर्ताच! मग काळी ओढणी छातीवर घेतली, लेन्सचं रबरी हूड काचेला अलगद टेकवलं, फ्लॅश बंद. अर्धं प्रतिबिंब तिथंच गेलं. घरी येऊन बघते तर खालच्या माहितीच्या पाट्यांचा एकही फोटो नाही. तेव्हापासून आधी पाटी, मग वस्तू.

बुरूजबहाद्दर
भुईकोट किल्ल्यात मी ट्रायपॉड उघडला आणि राखणदार काका आले. चूक माझीच होती, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. हातातल्या कॅमेऱ्याला कुणी काही म्हटलं नाही. उन्हं तिरपी असताना जा. तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेत, ते डोक्यावरच्या उन्हात सपाट दिसतात आणि सकाळी एकदम उठून येतात. तलावातलं सिद्धेश्वर मंदिरही तेव्हाच.

एक वकील
भित्तिचित्रांचं सांगतो, कारण सगळे इथंच फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या पुतळ्याचा फोटो काढायला आणि छापायलाही मुभा आहे. रंगवलेल्या भिंतीचं नाव त्या सवलतीत नाही. स्वतःच्या अल्बमसाठी काढा हो, कोण अडवतंय. पण कॅलेंडर छापून विकायचं असेल तर चित्रकाराला गाठा.

पूर्व भागातला
इंद्रभुवन राहिलं की! अप्पासाहेब वारदांनी बांधलेली हवेली, आता महापालिकेची. समोरून काढू नका, फ्लेक्सच येतात. मी नुसते नक्षीचे तुकडे काढले.

उशिरा आलेली
शहरात नाही, पण इतक्या लांब आलात तर हत्तरसंग कुडल सोडू नका. भीमा-सीनेच्या संगमावर, सोलापूरहून साधारण ४० किलोमीटर. ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. सगळी एका फोटोत मावत नाहीत, चहूबाजूंनी फिरावं लागतं. मी गेले होते ते संगमेश्वर मंदिराच्या तुळईवरच्या शके ९४० च्या, म्हणजे इ.स. १०१८ च्या मराठी शिलालेखासाठी. मान वर करकरून दुखली, फोटोत नुसता राखाडी दगड. पुजाऱ्यांच्या नातवानं माझा मोबाइल घेतला, टॉर्च लावून तुळईला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. अक्षरांत सावल्या भरल्या आणि ओळ वाचता आली: "वाछि तो विजेया होइवा". वाचणारा विजयी होईल. तो मुलगा म्हणाला, "मावशी, तुमची शेवटची एसटी गेली."

आणि हो, हारातला पुतळा १२ जानेवारीच्या मागंपुढं काढायला जाऊ नका. हार सुकायला चार दिवस द्या.