सल्ला हवा: स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्यासाठी आणि ओठ वाचणाऱ्यासाठी स्लाइड्स कशा सुधारू? (दोन संध्याकाळी, खर्च शून्य)

पाटीपेन्सिल
मंडळी, सोमवारी प्रशिक्षणात पाऊण तास बोलायचंय. पॉवरपॉइंटमध्ये २४ स्लाइड्स तयार आहेत, सगळ्या मराठीत. काल यादी आली तेव्हा कळलं, एक गृहस्थ पूर्ण अंध आहेत आणि लॅपटॉपवर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. एक बाई ओठ वाचून समजून घेतात. फाइल आधी पाठवा, असं त्या गृहस्थांनी कळवलंय. माझ्याकडे दोन संध्याकाळी आहेत. पैसे घालायचे नाहीत आणि नवीन सॉफ्टवेअर शिकायची ताकद नाही. आहे त्याच फाइलमध्ये काय करू?

निवांत_निशाचर
जॉज हा स्क्रीन रीडर घ्या. मी घेतलंय. महाग आहे, पण एकदा घेतलं की आपली फाइल समोरच्याला कशी ऐकू येते ते कळतं. बाकी सगळे जुगाड. मला दिसतं व्यवस्थित, तरी घेतलं.

खडूफळा
खर्च करायचा नाही म्हणतायत त्या, आणि तुम्ही जॉज सांगताय!
माझा अनुभव: काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, ३२ च्या खाली साइझ नाही. इतकी वर्षं शिकवतोय, एकाचीही तक्रार नाही.

ठिपका_सहावा
मी स्वतः स्क्रीन रीडरवर हा धागा वाचतोय. अंध माणसासाठी विचारलं तर पहिल्या दोन उत्तरांत एक खरेदी आणि एक रंग. चालू द्या.

ताई, आधी एकच करा. 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'आउटलाइन व्ह्यू' उघडा. लेआउटमधल्या तयार चौकटीत लिहिलेलं तिथे दिसेल, स्वतः ओढून टाकलेल्या टेक्स्ट बॉक्समधलं दिसणार नाही. शीर्षकं दिसली नाहीत तर आम्हाला स्लाइड्सची यादी ऐकताना नुसते आकडे ऐकू येतात. प्रत्येक स्लाइडला शीर्षक हवं, आणि प्रत्येकाचं वेगळं.

टेक्स्ट बॉक्स वाचला जातच नाही असं नाही. वाचला जातो, पण सहसा ज्या क्रमाने टाकला त्या क्रमाने. एकदा विजेच्या कामाच्या प्रशिक्षणात मी ऐकलं: "तार जोडा. स्क्रू घट्ट करा. झाकण लावा. मुख्य वीज बंद करा." पहिल्या पायरीचा बॉक्स बनवणाऱ्याला शेवटी आठवला होता. पडद्यावर तो दिमाखात सगळ्यात वर होता म्हणे.
क्रम 'सिलेक्शन पेन'मध्ये दिसतो. तिथली यादी खालून वर वाचायची. नव्या आवृत्त्यांत 'रीडिंग ऑर्डर पेन' आहे, ती वरून खाली.

रात्रपाळी
जॉजच कशाला? एनव्हीडीए फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने २००६ मध्ये सुरू केलेलं. त्यात ईस्पीक या बोलक्या प्रणालीचा मराठी आवाजही आहे. यंत्रमानव बोलल्यासारखा वाटतो, पण बोलतो.

निवांत_निशाचर
फुकटचं ते फुकटचंच.

ठिपका_सहावा
मी रोज तेच वापरतो, निशाचरराव. तुमची ही प्रतिक्रियासुद्धा त्यातच ऐकली.

हळद_नसलेला_पिवळा
पिवळ्याबद्दल. काळ्यावर पिवळा ठीक, पण पांढऱ्यावर पिवळा म्हणजे अक्षर गायबच. डब्ल्यूसीएजीचा (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा) नियम साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) आणि मोठ्या अक्षराला (१८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४) ३:१ असा आहे. पांढऱ्यावर शुद्ध लाल ४:१ च्या आसपास येतो, म्हणजे बारीक अक्षराला नापास. आणि सगळ्यांचा लाडका राखाडी, रंगाचा कोड हॅश ७७७७७७, पांढऱ्यावर ४.४८ ला नापास होतो. एक पायरी गडद केला, ७६७६७६, की पास! यावरून मी एका डिझायनरशी अर्धा दिवस भांडलोय. जिंकलो.
आलेखात 'लाल रेघ तोट्याची, हिरवी नफ्याची' असं ठेवू नका. रेघेवरच शब्द लिहा.

खडूफळा
तेच तर मी म्हटलं, काळ्यावर पिवळा.

जुना_टंक
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. मराठी कुठल्या फॉन्टमध्ये आहे? कृतिदेव किंवा शिवाजीसारखा जुना असेल तर वरचं सगळं फुकट. त्या फॉन्टात आत रोमन अक्षरंच असतात, फक्त चेहरा मराठी. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, म्हणजे निव्वळ बाराखडीचा चिवडा. युनिकोड हवं, म्हणजे आतही मराठी अक्षरंच: निर्मला, मुक्ता, नोटो, काहीही. कन्व्हर्टरने बदललंत तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.
शिवाय मजकूर निवडून 'रिव्ह्यू'मधून प्रूफिंगची भाषा मराठी करा. भाषेची खूण चुकली की मराठी मजकुरावर भलताच आवाज लागू शकतो.

निवांत_निशाचर
छपाईवाले अजून जुनेच फॉन्ट मागतात. त्यांचं वळण युनिकोडला नाही, हे मान्य करा.

जुना_टंक
वळणावर वेगळा धागा काढा, तिथे येतो भांडायला. इथे अंध वाचक आहे, त्याला वळण ऐकू येत नाही.

डावा_कान
ओठ वाचणाऱ्या बाईंना सगळे विसरले. मला एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याला यंत्र आहे.
खोलीतले दिवे घालवू नका. स्लाइड छान दिसावी म्हणून अंधार केला की आमचा वक्ता बंद पडतो. खिडकीला पाठ करून उभं राहू नका, चेहरा काळा दिसतो. पडद्याकडे वळून बोलू नका. नवीन स्लाइड आली की तीन-चार सेकंद गप्प राहा. मी एका वेळी स्लाइड वाचेन किंवा तुमचे ओठ, दोन्ही नाही जमत. लांब सांगायचं असेल तेव्हा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं B बटण दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबलं की परत. आणि कोणी मागून प्रश्न विचारला तर उत्तराआधी तो प्रश्न तुम्ही परत बोला. हे कोणीही करत नाही!
यंत्रवाल्यांसाठी माइक घ्या. "माझा आवाज मोठा आहे" म्हणणाऱ्यांचा मला राग आहे.

रात्रपाळी
'स्लाइड शो'मध्ये सबटायटल्स चालू करता येतात, इंटरनेट लागतं. बोलायची भाषा यादीत आहे का ते आधी बघा. आणि घरी तालीम करा. माझ्या एका भाषणात सबटायटल्सनी 'गळती' हा शब्द दर वेळी 'गल्ली' केला. विषय पाण्याची गळती. लोक हसत होते आणि मला वाटलं, मी विनोदी बोलतोय.

सगळं_हिरवं
एवढं कशाला? 'रिव्ह्यू'मध्ये 'चेक अॅक्सेसिबिलिटी' दाबा, चुका दाखवतं. मी सगळ्या चित्रांच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी वाचून दाखवायच्या वर्णनात) 'चित्र' लिहिलं, शून्य चुका आल्या. दहा मिनिटांत काम फत्ते.

ठिपका_सहावा
तुमची फाइल कशी ऐकू येते सांगू? चित्र. चित्र. चित्र. चित्र.
तपासणीला रकाना भरलेला दिसतो, आत काय आहे ते कळत नाही. आलेख असेल तर तो काय सांगतो ते एका वाक्यात लिहा. नुसती शोभेची वेलबुट्टी असेल तर 'मार्क अॅज डेकोरेटिव्ह' करा, म्हणजे आम्ही पुढे जातो.

खडूफळा
सरळ पीडीएफ करून पाठवा ना. कुठेही उघडतं.

जुना_टंक
प्रिंटमधून पीडीएफ केलं तर शीर्षकं, क्रम, ऑल्ट टेक्स्ट सगळं गळतं. 'सेव्ह अॅज'मधून करा आणि पर्यायांत 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज' वर खूण आहे ना ते बघा. त्यापेक्षा मूळ फाइलच बरी.

पाटीपेन्सिल
सगळ्यांना धन्यवाद. आउटलाइन व्ह्यू उघडला. चोवीसच्या चोवीस रिकाम्या! सगळं टेक्स्ट बॉक्समध्ये, शीर्षकंसुद्धा. फॉन्ट मात्र युनिकोड निघाला, तेवढीच देवाची कृपा.

शांतपणे बसून ठरवलंय की २४ स्लाइड्स दुरुस्त करायच्या नाहीत. १८ काढून टाकल्या. सहा ठेवल्या, त्या शीर्षकाच्या तयार चौकटी असलेल्या लेआउटवर नव्याने लिहिल्या. बाकीचं तोंडाने सांगणार. आणि पूर्ण मजकूर वर्डमध्ये, हेडिंग स्टाइल लावून.

हळद_नसलेला_पिवळा
म्हणजे आमच्यापैकी कोणाचंच ऐकलं नाही.

ठिपका_सहावा
सहा स्लाइड्स मान्य. पण अंधांसाठी वेगळी वर्ड फाइल म्हणजे सावत्र फाइल असते. दर वेळी मूळ फाइल सुधारते, ती तशीच राहते.

पाटीपेन्सिल
वेगळी नाही हो, सगळ्यांनाच तीच देणार. डोळस असोत की नसोत. आणि दिवे चालू. निशाचरराव, जॉज घेतलेलं नाही.

ठिपका_सहावा
मग हरकत नाही. सहा स्लाइड्स पाठवा निरोपातून, ऐकून बघतो.

ठिपका_सहावा
ऐकलं. पाचवी सोडून क्रम बरोबर, भाषा बरोबर. तिसऱ्या स्लाइडवर "चित्र ४" ऐकू येतंय आणि पाचवीवर आलेखाच्या आधीच "यावरून दिसते की".

पाटीपेन्सिल
तिसरीवरचा लोगो आहे, डेकोरेटिव्ह करते. पाचवी आत्ताच उघडली.