मदत हवी आहे: लोलिता ड्रेसचा पेटीकोट, बोअरचं पाणी आणि तीन हजार रुपये

तापीकाठची:
इथे शिवणकामातले जाणकार बरेच आहेत म्हणून धागा काढतेय. मी जळगावची. पुण्यातल्या एका मुलीकडून वापरलेला लोलिता ड्रेस स्वस्तात मिळाला. आता पुढचं सगळं अडलंय.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: ही टोकियोच्या हाराजुकू भागात वाढलेली पोशाखाची पद्धत. गुडघ्यापर्यंतचा घेरदार फ्रॉक, आत तो फुगवणारा पेटीकोट, गळाबंद ब्लाउज, लांब मोजे, डोक्यात बो. अंग सगळं झाकलेलं असतं. त्या नावाच्या कादंबरीतल्या विषयाशी या पोशाखाचं काही देणंघेणं नाही, ती चर्चा कृपया इथे नको.

एंजेलिक प्रीटीसारख्या जपानी ब्रँडचा नवा ड्रेस तीस हजार येनच्या वर जातो, वर टपाल आणि कस्टम. तो विषय माझ्यासाठी बंद. माझा ड्रेस चिनी बनावटीचा आहे, सुती, मरून. खाली क्रीम लेसच्या दोन ओळी, पाठीला इलास्टिकच्या चुण्या. बाह्या नाहीत, आत ब्लाउज घालायचा. हातात शिकवण्यांचे तीन हजार आहेत. त्यात पेटीकोट, ब्लाउज, बूट, मोजे बसवायचेत.

मुख्य अडचण घेराची. आत काही नसेल तर कापड पायाला चिकटतं आणि सरळ नाइटी दिसते. फुले मार्केटात लेहेंग्याखाली घालायचे तयार कॅन-कॅन, म्हणजे कडक नेटच्या झालरींचे परकर, मिळतात, पण ते घोट्यापर्यंत. माझ्या ड्रेसची कमरेपासून लांबी २२ इंच. कापून चालेल का? शिवाय ते नेट टोचतं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते आत घालून बसायचं म्हणजे अंगावर घामोळं.

दुसरं, धुवायचा कसा? घरात बोअरचं पाणी, खारं. काळ्या कपड्यांवर पांढरे ओघळ राहतात. मरून कापडाचा रंग क्रीम लेसला लागला तर ड्रेस गेलाच.

आईने घालून बघताना एवढंच विचारलं, "हाई काय घाली राहिनी वं माय?" पण लेस मात्र दोनदा हातात धरून बघितली.

शिवणघर_धुळे:
पोरी, कॅन-कॅन खालून कापू नकोस, वरून काप. तयार कॅन-कॅनच्या सगळ्या झालरी खालच्या अर्ध्या भागात असतात. खालून कापलास की झालरच कचऱ्यात आणि हातात नुसतं अस्तर.

कंबरपट्टी उसव. खालून वर पंधरा-सोळा इंच मोज, तिथे कात्री चालव. जो घेर उरेल त्याला दोन ओळी कच्च्या टाक्यांच्या घालून चुण्या ओढ आणि पाच इंच रुंद पॉपलीनच्या पट्टीला जोड. ही पट्टी नितंबावरून सपाट बसते, म्हणून कंबर जाड दिसत नाही आणि फुगवटा तिच्याखालून सुरू होतो. तुम्हाला घंटेसारखा घेर हवा असतो ना, तो असाच येतो. वर नाडी घाल. इलास्टिक सुटत जातं आणि चालताना पेटीकोट खाली उतरतो. एकूण लांबी ड्रेसपेक्षा इंच-दोन इंच कमीच ठेव, नेट बाहेर डोकावलं की वाईट दिसतं.

टोचण्याचं औषध म्हणजे आतून मलमलचा सुटा परकर. जुन्या सुती साडीचाही होतो. घाम तो पितो, धुवायलाही तोच काढायचा. खरं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये हा पोशाख कपाटातच बरा. पारा पंचेचाळीसला टेकतो तिथे कसली हौस! तुझा मोसम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत.

तापीकाठची:
काकू, वरून कापायचं डोक्यातच आलं नव्हतं! आणि नुसतं नेट आणून घरीच शिवलं तर स्वस्त पडेल का? मशीन आहे, झालरीचा पाय नाही.

शिवणघर_धुळे:
पडेल, पण चुण्यांनी जीव जाईल. हिशोब असा. ५४ इंच पन्ह्याच्या एक मीटर नेटमधून सात इंची पाच पट्ट्या निघतात. जोडल्या की पावणेसात मीटर लांब पट्टी. वरच्या झालरीला अडीच मीटर, खालच्या झालरीला सात मीटर धर, म्हणजे एका थराला जवळपास दीड मीटर नेट. थर दोन हवेत, एकात घेर उभा राहत नाही. तू पहिल्यांदा तयार कॅन-कॅनच सुधार.

पुण्यातली_बो:
मी हा पोशाख घालते म्हणून थोडं. कॅन-कॅन धुतल्यावर मऊ पडतं. शक्यतो धुऊच नकोस, आतला परकर धू. घडी घालून पेटीत कोंबू नकोस, कंबर खाली करून उलटा टांगून ठेव. पुढे पैसे जमले की ऑर्गंझाचा शिव, तो टोचत नाही आणि हलका राहतो.

बुटांना पैसे घालवू नकोस. शाळेतल्या मुलींचे काळे पट्ट्याचे बूट आणि पांढरे लांब मोजे अगदी चालतात. फक्त मोज्यांना वरून लेस शिव, नाहीतर गणवेश वाटतो. ब्लाउज क्रीम घे, पांढराशुभ्र नको, तुझ्या लेसला जुळणार नाही. आणि चकचकीत सॅटिनला हात लावू नकोस. फॅन्सी ड्रेस स्पर्धेतली परी होते.

नंदुरबारी:
ताई, लेस कुठून घेणार? तापी लाइनवर, म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वेवर राहतेस, सुरतेला जाणारं कोणी ना कोणी असतंच घरात. मीटरने घेऊ नको, रीळ मागव. निवडताना मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघ. खरखरली आणि उजेडात चमकली तर नायलॉन, सोडून दे. टॉर्शनची सुती लेस मऊ, जाड, बिनचमकीची असते. तीच भारी दिसते.

रोजनिशी:
रंग जाऊ नये म्हणून मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजव. आमच्याकडे सगळे असंच करतात.

रिठा_शिकेकाई:
रात्रभर अजिबात नको! मीठ कामाला येतं ते कापड रंगवताना, रंग धाग्यात शिरावा म्हणून. रंगून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मीठ धरून ठेवत नाही. उलट रात्रभरात लेस गुलाबी होईल.

आधी पांढरा ओला रुमाल ड्रेसच्या आतल्या शिवणीवर दाबून धर. रंग आला तर सांग.

तापीकाठची:
आला. फिकट गुलाबी.

रिठा_शिकेकाई:
मग हा ड्रेस वर्षातून एखाद्या वेळीच धुवायचा. घातल्यावर उलटा करून सावलीत वारा दे, डाग पडेल तिथेच ओल्या फडक्याने टिप. घाम ब्लाउजने घ्यायचा, ड्रेसने नाही, म्हणून ब्लाउज सुतीच हवा.

धुवायची वेळ आलीच तर बोअरचं पाणी नको. नळाला वाघूर धरणाचं पाणी येईल त्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढ. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणीही घेऊ नकोस, त्यात क्षार आणखी जास्त. गार पाणी, रिठ्याचं किंवा लोकरीच्या कपड्यांचं साबणपाणी, भिजत न ठेवता लगेच खळबळून काढ. पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब.

आणि वाळत घालताना ड्रेस उलटा टांग, लेसची कड वर, खांदे खाली. रंग निथळत्या पाण्याबरोबर खाली उतरतो. सरळ टांगलास तर तो नेमका लेसमध्ये जाऊन बसेल. उलटा टांगला तर छातीकडे जाईल, तिथे सगळं मरूनच आहे. जागा सावलीची. उन्हात मरूनचा विटकरी होतो.

शिवणघर_धुळे:
हे उलटं टांगायचं मलाही नवीन. एक माझ्याकडून: ब्लाउजला खळ करणार असशील तर घालायच्या आदल्या दिवशी कर. खळीचा कपडा महिनोन्‌महिने कपाटात राहिला की कसर लागते. आणि नेटला खळ करायच्या फंदात पडू नकोस, नायलॉन खळ पीत नाही.

तापीकाठची:
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: कॅन-कॅन तयार घेऊन वरून कापायचं, आतला परकर आईच्या सुती साडीचा, बूट शाळेचे, लेसचं रीळ मामांना सुरतेहून आणायला सांगितलंय. तिन्ही हजार संपत नाहीत बहुतेक. फक्त ब्लाउज राहिला. गोल कॉलर हवी, दोन्ही बाजूंनी अगदी सारखी, कडेला लेस. इथल्या ब्लाउज शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, त्या कॉलर शिवत नाहीत.

शिवणघर_धुळे:
त्यांच्याकडे जाऊच नकोस. शाळेचे गणवेश शिवणारा मास्तर गाठ, लहान मुलींच्या फ्रॉकच्या गोल कॉलरी त्याने ढिगाने शिवलेल्या असतात. कॉलरचा कागद आधी घरी कापून ने, लेस दोन कापडांच्या मध्ये धरून शिवायला सांग, वरून चिकटवलेली नको. पण दिवाळी होऊ दे. आत्ता गेलीस तर कोणी मापसुद्धा घेणार नाही.