ख्रिस्ती आशा म्हणजे डोकं गहाण?

तुकोगंजकर: काल इथे एकाने लिहिलं, ख्रिस्ती आशा म्हणजे मेल्यावर स्वर्ग मिळणार म्हणून आज विचार बंद. डोकंच सटकलं. अरे प्रेषित पौल स्वतः करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहून गेलाय, ख्रिस्त मेलेल्यांतून उठलाच नसेल तर आमचा उपदेश फुकट, तुमचा विश्वास फुकट आणि आम्ही खोटे साक्षीदार. विचार बंद केलेला माणूस विरोधकाची अशी सोय करून देतो का? आणि पोप बेनेडिक्टने २००७ मध्ये आशेवर अख्खं परिपत्रक काढलं, त्यात कांट, मार्क्स सगळ्यांशी भांडलाय.

राजवाडा७: भिया, भांडला म्हणजे जिंकला नाही. आई आयसीयूत होती, डॉक्टर स्पष्ट सांगत होते आणि एक बाई रोज येऊन "आशा सोडू नका". आम्ही कर्ज काढून व्हेंटिलेटर चालू ठेवला. हप्ते अजून भरतोय.

तुकोगंजकर: आईंचं वाईट वाटलं. पण बरं होण्याची हमी ख्रिस्ताने कुठे दिली? तो स्वतः क्रुसावर गेला.

सुदामानगरची: आशाबिशा राहू द्या, आधी तुमच्या कॉन्व्हेंटवाल्यांना डोनेशन कमी करायला सांगा! भाचीच्या ॲडमिशनला चपला झिजल्या. वर मराठीत बोलली म्हणून मॅडमने वर्गाबाहेर उभं केलं.

तुकोगंजकर: "तुमच्या"?? माझ्याच पोराला तिथे घेतलं नाही. आमच्या घरी मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, तरी "मराठी असून ख्रिश्चन कसे" ऐकतोच.

सुदामानगरची: मराठी भजनं म्हणता आणि पोराला इंग्लिश मीडियम, वा!

तुकोगंजकर: तुमच्या भाचीसारखंच की.

जुनीइंदूर: झालं? आता विषय. सिस्टर राणी मारिया, कॅथलिक नन, १९९५, उदयनगरहून इंदूरला येताना बसमध्ये भोसकून मारलं. तिच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे तो सुटला, त्यांच्या घरचाच झाला.

राजवाडा७: मानलं, माझ्याने झालं नसतं. पण यातून ती बहीण मोठी ठरते, मेलेला उठला हे नाही ठरत.

जुनीइंदूर: ठरतं कोण म्हणतंय? तो बदलेल याचा काय पुरावा होता तिच्याकडे? आधी पुरावा मागत बसली असती तर राखी बांधलीच गेली नसती.

राजवाडा७: आणि जिथे राखी बांधूनही माणूस तसाच राहिला, ते किस्से चर्चमध्ये कोण सांगतं?

जुनीइंदूर: कोणी नाही, घे, हा गुण तुला. पण तो तसाच राहिला असता तर तिने राखी परत मागितली असती असं वाटतं का तुला?