मदत हवी आहे: व्हीएमवेअरमधील जुन्या स्नॅपशॉटचा कालानुक्रमे आढावा कसा घ्यावा?

नमस्कार. आमच्याकडे व्हीस्फिअर या व्हीएमवेअरच्या प्रणालीवर सुमारे ४० व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने चालणारे आभासी संगणक) चालतात आणि गेल्या आठवड्यात एका डेटाबेस सर्व्हरवर ११ स्नॅपशॉटची (मशीनची त्या-त्या क्षणी जतन केलेली स्थिती) साखळी आढळली, त्यातील सर्वांत जुना १४ महिन्यांपूर्वीचा आहे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो ७२ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनच असावेत, हे मला ठाऊक आहे. अपडेटपूर्वी घेतलेला स्नॅपशॉट काम झाल्यावर काढायचा राहून जातो, ही चूक आमचीच.

स्नॅपशॉट मॅनेजरमध्ये एका वेळी एकाच मशीनची साखळी दिसते. पॉवरसीएलआय या व्हीएमवेअरच्या आज्ञा-साधनातील ‘गेट-स्नॅपशॉट’ आज्ञेने सर्व मशीनची नावे, तारखा आणि आकार मिळतात खरे, पण ते त्या क्षणाचे चित्र असते. डेल्टा फाइल (स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी फाइल) आठवड्यागणिक किती फुगली, हे त्यातून कळत नाही. शिवाय व्हीसेंटर या व्यवस्थापन सर्व्हरमधील घटनांची नोंद मूळ सेटिंगनुसार ३० दिवसच राहते, त्यामुळे जुने स्नॅपशॉट कोणी घेतले, याचा माग लागत नाही. ही माहिती रोज सीएसव्हीत साठवून आलेख काढणे योग्य ठरेल, की याहून सोपी पद्धत आपल्यापैकी कोणी वापरते?

दुसरी शंका अधिक निकडीची आहे. मूळ डिस्क थिन प्रकारची (वापरानुसार जागा घेत जाणारी) असून डेटास्टोअरवर, म्हणजे मशीनच्या फाइल साठवण्याच्या जागेत, जेमतेम ९० जीबी जागा उरली आहे. अशा वेळी सर्व स्नॅपशॉट एकदम काढावेत, की एकेक करून? स्नॅपशॉट काढताना त्यातील बदल मूळ डिस्कमध्ये मिसळले जातात, त्या विलीनीकरणादरम्यान डेटाबेस काही क्षण थबकल्याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया तोही सविस्तर लिहावा.