माळ्यावरचा व्हॉल्व्हचा टीव्ही: थेट प्लग लावावा का?

रामबागकर (इंदूर):

सर्वांस नमस्कार. रामबागेतील आमचा वाडा रिकामा करताना माळ्यावर लाकडी कॅबिनेटचा, पुढे सरकते शटर असलेला कृष्णधवल टीव्ही सापडला. थोरले काका नोकरीनिमित्त दादरला राहत असताना त्यांनी तो घेतला होता. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि संचासोबत जपून ठेवलेल्या टपाल खात्याच्या परवाना-पुस्तकात पहिला शिक्का १९७४ चा आहे, त्यामुळे संचाच्या वयाबद्दल शंका नाही. कंपनीची पाटी मात्र गळून पडली आहे. काका निवृत्तीनंतर इंदूरला परतले तेव्हा संचही सामानाबरोबर इकडे आला, आणि घरात रंगीत टीव्ही येताच त्याची रवानगी माळ्यावर झाली. म्हणजे किमान तीस वर्षे त्याला वीज मिळालेली नाही.

मागचे झाकण काढले तेव्हा पी.एल. ५०४, पी.वाय. ८८ आणि पी.सी.एल. ८०५ ही अक्षरे असलेले व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधी वापरात असलेल्या, तापून काम करणाऱ्या काचेच्या नळ्या) ओळखता आले. शेजारी ट्रान्झिस्टरची एक लहान पट्टीही आहे. एका दुकानदाराने आतले सगळे काढून त्या जागी एल.सी.डी. बसवण्याचा सल्ला दिला, तो मला मुळीच रुचला नाही. माझे दोन प्रश्न आहेत. एकदा प्लग लावून संच चालतो का हे पाहण्यात धोका आहे का? आणि तो चालू झालाच, तर त्यावर दिसणार काय?

हौशी तंत्रज्ञ:

आमच्या आजोबांचा संच आम्ही वीस वर्षांनी थेट लावला होता. पाच मिनिटे जळका वास आला आणि मग पडदा उजळला. जुन्या वस्तू दणकट असतात, फार विचार करू नये.

महाराणी रोडचा जुना मेकॅनिक:

वरील सल्ला कृपया मानू नये. तो वास कशाचा होता, हे त्या संचाचे पुढे काय झाले यावरून कळले असते.

आपण दिलेल्या क्रमांकांवरून आणि ट्रान्झिस्टरच्या पट्टीवरून हा हायब्रिड संच आहे, म्हणजे सिग्नलची बाजू ट्रान्झिस्टरची आणि पडद्यावर किरण फिरवणारी जड कामे व्हॉल्व्हची. अशा संचांत बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि विजेची एक तार थेट चासीला, म्हणजे आतील धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की संपूर्ण चासी फेजवर जाते, आणि बटणाच्या आतला एखादा स्क्रूही झटका देऊ शकतो. म्हणून पहिली खरेदी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची करावी. त्याच्या दोन वेगळ्या गुंडाळ्यांमुळे संचाचा घरच्या विजेशी थेट संबंध उरत नाही. संच दीडशे ते दोनशे वॅट घेतो असे धरले, तर ३०० व्ही.ए.चा ट्रान्सफॉर्मर पुरतो. व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिअॅक हे काम करत नाही, कारण त्याच्या आत एकच गुंडाळी असते. हा गैरसमज मी अनेक शिकलेल्या लोकांतही पाहिला आहे.

आता थेट प्लग का लावू नये ते सांगतो. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, पण सिलिकॉन डायोड पहिल्या क्षणापासून काम करतो. मधल्या काळात विजेवर काहीच भार नसल्यामुळे मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर (विजेचा भार साठवून डी.सी. सपाट करणाऱ्या भागावर) २३० व्होल्टचे शिखरमूल्य, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट, एकदम चढते. तीस वर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. तो हा दाब पेलत नाही, गरम होतो आणि कधी फुटतोही. सर्किटपासून सोडवून, मध्ये मोठा रेझिस्टर घालून, डी.सी. व्होल्टेज तासातासाने थोडे थोडे वाढवत नेले आणि गळती (कंडेन्सरमधून झिरपणारा प्रवाह) घटत गेली, तर तो कंडेन्सर वाचला असे समजावे. गळती घटत नसेल तर नवा घालावा. कागदी कंडेन्सर मात्र न मोजताच बदलावेत, विशेषतः पी.एल. ५०४ च्या ग्रिडकडे (व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा, कारण तो गळू लागला की ग्रिडवरचे ऋण व्होल्टेज जाते आणि व्हॉल्व्ह स्वतःच जळतो.

पिक्चर ट्यूबला हात लावण्यापूर्वी तिच्या बाजूच्या रबरी टोपीखालचा भार उतरवावा. ट्यूबच्या बाहेरील काळ्या ग्रॅफाइटच्या लेपाला जोडलेली तार आणि चांगल्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर वापरावा, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा तेच करावे, कारण काचेत भार परत जमतो. ट्यूबची मान नाजूक असते. संच उचलताना तिला आधार समजू नये.

वडोदऱ्याचा संग्राहक:

मेकॅनिकसाहेबांच्या उत्तरात एक पुरवणी जोडतो. या पी-मालिकेच्या व्हॉल्व्हचे हीटर दिवाळीच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सर्वांतून ३०० मिलिअँपियर वाहतो. पी.एल. ५०४ ला २७ व्होल्ट लागतात, पी.वाय. ८८ ला ३०, आणि उरलेले व्होल्टेज एक जाड रेझिस्टर पितो. माळेतील एकाची तार तुटली की सगळे अंधारतात, म्हणून काहीच पेटले नाही तर निराश न होता प्रत्येकाचा हीटर मीटरने तपासावा.

प्रथम चालू करताना संचाच्या मालिकेत साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावतात, तो जरूर लावावा. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब काढल्यावर खोलीत अंधार करून पी.एल. ५०४ कडे पाहत राहावे: आतील प्लेट तांबडी होऊ लागली तर त्याला ड्राइव्ह (ग्रिडवर यायला हवा तो सिग्नल) मिळत नाही, आणि बटण तत्काळ बंद करावे. पडद्यावर फक्त एक आडवी पांढरी रेघ आली तर दोष बहुधा पी.सी.एल. ८०५ च्या, म्हणजे किरण वर-खाली फिरवणाऱ्या, टप्प्यात आहे. तेव्हा ब्राइटनेस उतरवावा, नाहीतर रेघेच्या जागी फॉस्फर (पडद्याच्या आतील उजळणारा लेप) कायमचा जळतो. किरण आडवा फिरवणाऱ्या भागाची, म्हणजे लाइनची, शिटी १५,६२५ हर्ट्झची असते, ती घरातील मुलांना ऐकू येते. आम्हा साठीच्या पुढच्यांना मुलांनाच विचारावे लागते.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे अॅनालॉग प्रक्षेपण जवळजवळ सर्वत्र बंद झाले आहे, तेव्हा अँटेना उभारून मुंग्यांखेरीज काही दिसणार नाही. सेट-टॉप बॉक्स किंवा डी.व्ही.डी. प्लेअरच्या ए.व्ही. सॉकेटपुढे मॉड्युलेटर (चित्र व आवाज टीव्ही चॅनेलच्या सिग्नलवर चढवणारी डबी) जोडावा. येथे मी स्वतः एक चूक केली होती. घरातल्या जुन्या व्ही.सी.आर.चा सिग्नल द्यायचा म्हणून दोन रविवार खपलो, पण व्ही.सी.आर. यू.एच.एफ.वर (वरच्या लहरपट्ट्यात) सिग्नल देत होता आणि त्या काळच्या संचाच्या फिरत्या ट्यूनरवर केवळ व्ही.एच.एफ.चे (खालच्या लहरपट्ट्याचे) चॅनेल होते. आपल्याला व्ही.एच.एफ.वर चालणारा, आणि चित्राच्या लहरीपासून आवाजाच्या लहरीचे अंतर ५.५ मेगाहर्ट्झवर ठेवता येणारा मॉड्युलेटर हवा. ते ६ किंवा ६.५ वर असेल तर चित्र स्वच्छ येते आणि आवाज येत नाही. मुंबई केंद्र चौथ्या चॅनेलवर होते, तेव्हा काकांच्या ट्यूनरचे तेच संपर्क सर्वाधिक झिजलेले असतील. त्यांवर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा, सँडपेपर नव्हे. आणि मागील बाजूस चपट्या तारेचे ३०० ओमचे सॉकेट असेल, तर मध्ये बलून (balun, चपटी तार आणि गोल केबल यांचा मेळ घालणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) घालावा.

कंडेन्सरच्या बाबतीत माझे मत थोडे निराळे आहे. जुना डबा पोखरून नवा कंडेन्सर त्याच्या आत लपवावा, म्हणजे चासी मूळचीच दिसते. त्याला एक संध्याकाळ जास्त लागते.

महाराणी रोडचा जुना मेकॅनिक:

संग्रहासाठी ते शोभते. आम्ही पोट भरण्यासाठी दुरुस्त्या केल्या, त्यामुळे नवा कंडेन्सर खाली, जुना वर तसाच, फक्त तारा सोडवलेल्या, हीच पद्धत राहिली. पुढे हात घालणाऱ्याला काय बदलले हे लगेच कळते, हाही तिचा गुण आहे.

रामबागकर (इंदूर):

आपणा दोघांचा आभारी आहे. ट्रान्सफॉर्मर सियागंजातून मागवला आहे. आज केवळ धूळ झटकली, तेव्हा झाकणाच्या आतील बाजूस सर्किटचा पिवळा पडलेला कागद चिकटवलेला सापडला, बराचसा वाचता येतो. मात्र फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून बसवलेले आहेत. हे काकांचेच काम असावे.

महाराणी रोडचा जुना मेकॅनिक:

ते पदर प्रथम काढावेत. कागदावर फ्यूजचा आकडा छापलेला असेल, तोच बसवावा, आणि त्याच कागदाचा फोटो येथे टाकावा, मग पी.एल. ५०४ च्या ग्रिडकडे जाणारा कंडेन्सर नेमका कोणता, हे खूण करून देतो.