मदत हवी आहे: ‘कळलं’ला जपानीत शिरु की वाकारु?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या जेएलपीटीला (जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा) एन४ या पातळीला बसणार आहे. शिरु आणि वाकारु या दोन्ही क्रियापदांचा इंग्रजी अर्थ ‘टु नो’ असाच दिलेला असतो, म्हणून मी इंग्रजी बाजूला ठेवून मराठीच्या आधाराने जाते. शिरु म्हणजे माहिती मिळणं; ती मिळालेली असली की शित्तेइमास, माहीत आहे. वाकारु म्हणजे समजणं. ‘मला जपानी समजतं’ आणि ‘निहोंगो गा वाकारिमास’ यांची ठेवणही किती जवळची आहे! भाषेला कर्माचा प्रत्यय ‘ओ’ न लागता कर्त्याचा ‘गा’ लागतो, हे आपल्याला लगेच पटतं. नकारात शित्तेइमासेन न म्हणता शिरिमासेन म्हणायचं, तेही पाठ झालंय.

अडतं ते ‘कळणं’पाशी. ‘त्याचं लग्न झाल्याचं मला काल कळलं’ इथे शिरिमाशिता. ‘तुमचं म्हणणं कळलं’ इथे वाकारिमाशिता. इथपर्यंत ठीक. पण ‘परीक्षेचा निकाल कळला’ याला ‘केक्का गा वाकारिमाशिता’ म्हणतात, ‘बिघाडाचं कारण कळलं’ यालाही ‘गेन्इन गा वाकारिमाशिता’. निकाल ही तर बाहेरून आलेली माहितीच ना? मग शिरु का नाही?

माझा अंदाज असा: मनात प्रश्न आधीपासून होता आणि त्याचा उलगडा झाला, तर वाकारु. ध्यानीमनी नसताना बातमी कानावर आली, तर शिरु. ‘रविवारी काय करणार?’ याला ‘अजून माहीत नाही’ म्हणताना ‘मादा वाकारिमासेन’ म्हणतात, तेही यात बसतं. तिथे शिरिमासेन म्हटलं तर ‘मला काय त्याचं’ असा सूर लागतो म्हणे. हा अंदाज कुठे मोडतो, ते उदाहरणासकट सांगाल का?

जपानमध्ये राहणाऱ्यांना किंवा जपानी क्लायंटशी रोज बोलणाऱ्यांना आणखी एक विचारायचंय. ‘स्टेशनचा रस्ता माहीत आहे का?’ याला ‘शित्तेइमास का’ आणि ‘वाकारिमास का’ दोन्ही चालतात. अनोळखी माणसाला तुम्ही यातलं काय विचारता? वरिष्ठांना ‘वाकारिमास का’ विचारलं तर त्यांची परीक्षा घेतल्यासारखं वाटतं, म्हणून ‘गोझोन्जि देस का’ हे ‘माहीत आहे का’चं आदरार्थी रूप वापरावं, एवढं ठाऊक आहे. पण ऑफिसात फोन आला, साहेब कुठे गेलेत ते मला माहीत नाही, तर नेमकं काय म्हणायचं? शिरिमासेन फार तुटक वाटतं. तुमच्याकडे रोज कानावर पडणारं वाक्य जसंच्या तसं लिहिलंत तर फार मदत होईल.